फोनवर कंठ दिसत नाही

हॉटेलचा नंबर फिरवला की पलीकडून जो आवाज येतो, तो ऐकून मला अजूनही हायसं वाटतं. "गुड मॉर्निंग, एक्स्चेंज," एवढंच म्हणतो तो. आता यात काय मोठंसं, असं तुम्ही म्हणाल. पण ज्या माणसाने उभ्या आयुष्यात पहिलं वाक्य कधी आपणहून बोललं नाही, त्याने घंटी वाजताच तोंड उघडावं, याचं मोल कळायला आमची नाटक कंपनी ठाऊक हवी. घाबरू नका, सगळी नाही सांगत. बोलता बोलता स्वतःच्या भूमिकांवर घसरायची माझी जुनी खोड आहे, पण आज मुख्य भूमिका माझी नाही.

तो माणूस आमचा प्रॉम्प्टर. डाव्या विंगेत, पडद्याच्या दोरीशेजारी, एका बुटक्या स्टुलावर बसायचे ते. मांडीवर नाटकाची वही, हातात लाल कागद गुंडाळलेली बॅटरी. खरं नाव फक्त पगाराच्या दिवशी ऐकू यायचं; एरवी लहानथोर सगळे त्यांना कुजबुजे म्हणत. त्यांनी कधी हरकत घेतली नाही. हरकत घ्यायची तर आधी बोलावं लागतं.

आमच्या कंपनीत एक दंडक होता. प्रॉम्प्टरने दोनच शब्द द्यायचे. तिसरा दिला की नट चिडायचा, कारण मग "मला आठवत होतंच" म्हणायची सोय उरत नाही. आणि ते दोन शब्द नेमके कधी द्यायचे, ही कुजबुज्यांची खरी विद्या. ते नटाच्या तोंडाकडे बघत नसत, कंठाकडे बघत. मुद्दाम विराम घेणारा नट श्वास आत ओढतो. वाक्य विसरलेला नट आवंढा गिळतो. कंठ असा खाली गेला रे गेला की विंगेतून दोन शब्द यायचे, नटाच्या कानापर्यंत पोचतील आणि पहिल्या रांगेपर्यंत पोचणार नाहीत असे. एकदा राणीच्या वेशात, नवऱ्याला लढाईवर धाडताना, मी ठार विसरले. "जा, पण..." एवढं विंगेतून आलं आणि पुढचं सगळं भाषण मी अशा काही थाटात म्हटलं की टाळ्यांनी छप्पर उडायचं बाकी राहिलं. टाळ्या माझ्या. मीच घरी नेल्या त्या.

त्यांची बायको कपडेपटात शिवणकाम करायची. तिला आम्ही वहिनी म्हणायचो. या दोघांचं लग्नही असंच जमलं. एका तालमीनंतर ती त्यांच्या सदऱ्याचं तुटलेलं बटण लावत होती. "मला वाटतं..." म्हणाली आणि गप्प झाली. कुजबुज्यांनी तिच्या गळ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, "आपण दोघं..." बाकीचं तिने पुरं केलं. वहिनी अजून म्हणते, "मागणी मीच घातली. यांनी नुसती आठवण करून दिली."

पुढे कंपनी बंद झाली. बुडाली म्हणवत नाही, बुडायला आधी पाणी लागतं. आमची आटली. मी बहिणीकडे राहायला गेले. हे दोघं मात्र रंगमंचाच्या मागे कपडेपटाच्या खोलीतच राहत होते, आमच्या मखमली अंगरख्यांच्या आणि खोट्या दागिन्यांच्या पेट्यांमध्ये संसार मांडून. मग थिएटर विकलं गेलं. नवे मालक सभ्य होते. पण म्हणाले, वर्षअखेर जागा मोकळी हवी.

त्याआधी काही महिने कुजबुज्यांना एका मोठ्या हॉटेलच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये हंगामी काम लागलं होतं. देशोदेशीचे पाहुणे उतरायचे तिथे. शाळेतलं इंग्रजी त्यांचं पक्कं होतं, आणि आवाज म्हणाल तर मोरपीस. एक्स्चेंजची खोली स्वयंपाकघराच्या मागे, बिनखिडकीची. दोन माणसं शेजारी शेजारी बसतील असा लांबलचक बोर्ड, दिवे लुकलुकणारा. तिथल्या प्रमुखीण बाईंना सगळे मोठ्या बाई म्हणायचे. बाई तोंडाने तिखट, पण पाठीमागून कुणाचं वाईट करणाऱ्यातल्या नव्हेत.

पंधरवड्यातच तक्रारी सुरू झाल्या. पाहुणे म्हणत, घंटी वाजत राहते तरी कुणी बोलत नाही, आणि बोललं तर बोलता बोलता लाइन मेल्यासारखी होते. मेकॅनिक आला. त्याने बोर्ड उघडला, तारा तपासल्या, पुन्हा जोडल्या आणि म्हणाला, "मशीन ठणठणीत आहे." शेवटी मोठ्या बाई स्वतः कानाला यंत्र लावून शेजारी बसल्या. वरच्या मजल्यावरून एक गृहस्थ बोलत होते. बोलता बोलता म्हणाले, "आयॅम फीलिंग अंडर द वेदर." बस्स. कुजबुजे गप्प. गृहस्थ हॅलो हॅलो करताहेत आणि हे शांतपणे बोर्डाकडे बघताहेत.

बाईंनी कॉल आपल्याकडे घेतला, तब्येत नरम असलेल्या त्या गृहस्थांना डॉक्टर पाठवते म्हणून निस्तरला आणि मग वळल्या. "मेकॅनिकला उगाच तारा उचकटायला लावल्या की हो तुम्ही! बिघाड बोर्डात नाही, खुर्चीत आहे. तोंडाला कुलूप का लागतं?"

"वाक्य ओळखीचं वाटलं नाही की..." कुजबुजे म्हणाले, "आता पाळी माझी की त्यांची, ते कळत नाही."

"पाळी तुमचीच. फोनवर कायम तुमचीच पाळी." मग बाईंचा आवाज जरा उतरला. "महिनाअखेर मॅनेजर तोंडी परीक्षा घेणार आहेत. पाहुणे असले वाक्प्रचार फार वापरतात, तेच विचारतील. पास झालात तर कायम. कायम झालात तर मागच्या आवारात दोन खोल्यांचं घर मिळतं. नाही झालात, तर मी काही करू शकणार नाही." आणि खणातून एक बारकंसं पुस्तक काढून त्यांच्यापुढे ठेवलं. इंग्रजी वाक्प्रचार आणि त्यांचे अर्थ.

वहिनीने त्या दोन खोल्या बाहेरून बघून घेतल्या. मला म्हणाली, "ताई, दोन्ही खोल्यांना खिडक्या आहेत हो!" मापंही घेऊन आली. कपडेपटाच्या पेटीतून निळं कापड काढलं, खडूने पडद्यांच्या खुणा केल्या आणि घडी घालून ठेवून दिलं. "कापायचं नाही. यांचं नक्की होईपर्यंत कात्री लावायची नाही." ती घडी मशीनवर तशीच पडून राहिली. रोज कात्री उचलायची, सदरे-परकर शिवायची आणि त्या घडीला वळसा घालायची.

मी काय, आयुष्यभर तालमीवर वाढलेली बाई. म्हटलं, चला, उभं करू नाटक! रोज दुपारी कपडेपटात तालीम. पाहुणे सगळे मी. आज्जीबाई मॅडम मी, तापट व्यापारी मी, जहाजावरचा कप्तान मी. माझं इंग्रजी जेमतेम, पण ऐट अशी की खुद्द कप्तानाने सलाम ठोकावा. मी पुस्तकातलं वाक्य फेकायचे, कुजबुजे अर्थ सांगायचे, आणि मशीन चालवता चालवता वहिनी त्याला आपल्याकडचं जोडून टाकायची.

"वन्स इन अ ब्लू मून."

"क्वचित. फार दिवसांनी कधीतरी."

"सठीसामासी," वहिनी.

"पीस ऑफ केक."

"अगदी सोपं काम."

"डाव्या हाताचा मळ. त्यांच्यात केक, आपल्यात मळ. ऐकायला त्यांचं गोड आहे."

मोलहिलचा माउंटन आला तेव्हा वहिनीने मशीन थांबवलं. "मोलहिल म्हणजे हो?"

"जमिनीत राहणारा छोटा प्राणी असतो. त्याने उकरलेल्या मातीचा ढिगारा."

"म्हणजे त्यांच्यात ढिगाऱ्याचा पर्वत आणि आपल्यात राईचा. फुगवून सांगण्यात आपणच पुढे म्हणायचं."

एके दिवशी पुस्तकात निघालं, पुट युअर फुट इन इट. कुजबुज्यांनी अर्थ वाचला. नको तिथे नको ते बोलून बसणं, घोळ करून ठेवणं. वहिनी हसून हसून लाल झाली. "आपण नको तिथे तोंड घालतो, ते पाय घालतात! ताई, तुम्ही तर दोन्ही घालता."

"घालते. आणि टाळ्याही घेते."

अर्थांचं काही कठीण गेलं नाही. अख्खी नाटकं ज्याला पाठ, त्याला एवढंसं पुस्तक किती दिवस पुरणार? आठवड्याभरात ते मला शिकवायला लागले. मीही खूश, की गड सर झाला. मग एक दिवस म्हटलं, आता खऱ्या फोनसारखं करू. मधे पडदा ओढला, मी पलीकडे बसले आणि आमची रंगमंचाची जुनी पितळी घंटा वाजवली.

पलीकडे सामसूम.

पुन्हा वाजवली. तिसऱ्यांदा वाजवली. तरी सामसूमच. पडदा सारून बघते तर कुजबुजे पाठ ताठ करून, श्वास रोखून बसलेले.

"अहो, फोन वाजतोय!"

"तिसरी घंटा झाली ना, ताई," ते ओशाळून म्हणाले. "तिसरी घंटा झाली की प्रॉम्प्टर गप्प होतो."

घ्या! जन्मभराचं वळण. घंटा म्हणजे यांच्या लेखी तोंड मिटायची खूण. आणि हॉटेलातल्या बोर्डाला तर घंटीच असते. मी त्यांना दटावलं, विनवलं, हातवारे करून दाखवलं. आमच्यात पडदा असला की त्यांचा आवाजच फुटेना. शेवटी म्हणाले, "ताई, समोर माणूस असला की मला त्याचा कंठ दिसतो. कुठे शिरायचं ते कळतं. फोनवर कंठ दिसत नाही."

मी घंटा खाली ठेवली. मशीनवरून वहिनी शांतपणे म्हणाली, "अहो, एक शब्द तुम्ही सगळ्यांच्या आधी बोलत होतात की."

"मी?"

"तिसऱ्या घंटेनंतर पडदा ओढणाऱ्याला 'घे' कोण म्हणायचं? ताई का राजाचं काम करणारा नट? तुम्हीच म्हणायचात. तुम्ही 'घे' म्हटल्याशिवाय नाटक सुरू झालंय का कधी?"

कुजबुजे तिच्याकडे बघत राहिले. मीही. इतकी वर्षं त्या रंगमंचावर वावरले, पण पहिला शब्द माझा असतो अशीच माझी समजूत होती.

मी पडद्यामागे गेले. घंटा वाजवली. क्षणभर काही नाही. मग अगदी बारीक, विंगेतलं ते ओळखीचं "घे", आणि पाठोपाठ खणखणीत, "गुड मॉर्निंग, एक्स्चेंज!" मी पडद्यामागे एकटीच टाळ्या पिटत उभी होते.

परीक्षेच्या दिवशी आम्ही दोघी बरोबर गेलो. खोलीत उकडायचं म्हणून एक्स्चेंजचं दार अर्धवट उघडं ठेवलेलं होतं आणि समोरच बाकडं होतं. मोठ्या बाईंनी आम्हाला पाहिलं, भुवया उडवल्या, पण उठवलं नाही. आत जाताना मी कुजबुज्यांना म्हटलं, "ब्रेक अ लेग!"

"शुभ बोला की, ताई! पाय कशाला मोडायचा?" वहिनी केवढ्यांदा ओरडली.

"नटाला अशाच शुभेच्छा देतात, वहिनी. पुस्तकात आहे," कुजबुजे म्हणाले आणि स्वतःशीच हसले. बायकोला वहिनी म्हटल्याचं त्यांच्या ध्यानातही आलं नाही. इतके घाबरले होते.

परीक्षा दोघादोघांची होती. त्यांच्या जोडीला हॉटेलातली लिफ्ट चालवणारी बाई. दिवसभर उभं राहून तिचे गुडघे गेले होते, म्हणून तिला बोर्डावर बसायचं काम हवं होतं. मॅनेजर टेबलामागे, शेजारी मोठ्या बाई. मॅनेजर आलटून पालटून विचारत होते आणि दोघंही बरी उत्तरं देत होती. मग त्यांनी लिफ्टबाईला विचारलं, "होल्ड युअर हॉर्सेस?"

दाराच्या फटीतून मला तिची बाजू दिसत होती. तिचा कंठ खाली गेला.

मी जे ऐकलं ते माझ्याखेरीज बाहेर कुणाला ऐकू आलं नसतं. पण त्या आवाजावर मी अख्खं आयुष्य काढलंय. "जरा दमानं..." एवढेच दोन शब्द.

"जरा दमानं घ्या, घाई करू नका," लिफ्टबाई म्हणाली.

"बरोबर," म्हणून मॅनेजर पुढच्या प्रश्नाकडे वळले. कुणाला कळलं नव्हतं. तेवढ्यात लिफ्टबाई म्हणाली, "साहेब, ते उत्तर माझं नव्हतं."

"म्हणजे?"

"म्हणजे माझंच होतं. मला येत होतं. पण आधी यांनी दिलं. उगाच खोटं कशाला?"

मॅनेजरांनी पेन खाली ठेवलं. "मला तर काही ऐकू आलं नाही. बाई, तुम्हाला?" मोठ्या बाईंनी नाही म्हणून मान हलवली. मॅनेजर कुजबुज्यांकडे वळले. "खरं आहे का हे? तुम्ही सांगितलंत?"

आणि कुजबुज्यांनी आवंढा गिळला.

तुम्हाला काय सांगू! सगळ्या जगाचे आवंढे ज्याने सांभाळले, त्याचा स्वतःचा कंठ खाली गेला आणि विंगेत कुणी नव्हतं. खोलीत ती मेलेली लाइन मला ऐकू येत होती. माझी जीभ शिवशिवली. दोन शब्द, नुसते दोन शब्द फटीतून आत सोडायचे होते. मी पुढे वाकलेसुद्धा. वहिनीने माझं मनगट घट्ट धरलं. "ताई, नाही," ती पुटपुटली.

कुजबुज्यांचे ओठ किंचित हलले. काय म्हणाले ते आम्हा दोघींनाच कळलं.

"सर," ते म्हणाले, "आय पुट माय फुट इन इट. चूक माझी आहे. मी नाटकात प्रॉम्प्टर होतो. समोरचं माणूस अडलं की माझ्या तोंडून निघून जातं. यांनी मागितलं नव्हतं. यांना उत्तर येत होतं, यांचे गुण कापू नका."

इतकं लांबलचक वाक्य त्यांनी आपणहून बोललेलं मी पहिल्यांदाच ऐकत होते. मोठ्या बाई चष्म्यावरून बघत होत्या.

मॅनेजरांनी समोरचा कागद मिटला. "हे नाटक नाही," ते म्हणाले. "ही परीक्षा मी धरणार नाही. दोघांचीही रद्द." वहिनीची पकड सैल पडली. मी डोळे मिटले. मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "मी माझ्या खोलीत जाऊन फोन करतो. एकेकाने घ्यायचा. दुसऱ्याने बाहेर थांबायचं. आधी तुम्ही."

लिफ्टबाई बाहेर येऊन आमच्या शेजारी टेकली. मॅनेजर आमच्यासमोरून निघून गेले. बोर्डाच्या एका कर्ण्यातून मोठ्या बाईंनी पलीकडचा आवाज मोठा करून ठेवला. घंटी वाजली.

बारीक "घे". मग, "गुड मॉर्निंग, एक्स्चेंज!"

मॅनेजर नट म्हणून काही वाईट नव्हते. तापट पाहुण्याचं सोंग त्यांनी छान वठवलं. तब्येत नरम आहे म्हणाले, कुजबुज्यांनी डॉक्टर हवा का विचारलं. आता पाठ टेकणार म्हणाले, यांनी सकाळी किती वाजता उठवू विचारलं. राईचा पर्वत करताय म्हणून ओरडले, यांनी गोड आवाजात माफी मागितली. वहिनी डोळे मिटून, ओठ हलवत प्रत्येकाचं मराठी करत होती. आणि मग मॅनेजर म्हणाले, "आय वॉन्ट ऑल माय डक्स इन अ रो बाय टेन!"

डक्स? बदकं? मी वहिनीकडे पाहिलं, तिने माझ्याकडे. पुस्तकात बदकं नव्हती. मला तर पान अन् पान पाठ झालं होतं. कर्ण्यातून नुसती खरखर येत होती. लिफ्टबाईने पदर तोंडाशी नेला. मोठ्या बाईंचं बोट कॉल आपल्याकडे घ्यायच्या बटणावर जाऊन थांबलं.

"सर," कुजबुजे इंग्रजीत म्हणाले, स्वच्छ आणि सावकाश, "माफ करा, हा वाक्प्रचार मला माहीत नाही. दहापर्यंत आपल्याला नेमकं काय हवं ते सांगा, मी व्यवस्था करतो."

मोठ्या बाईंनी बटणावरचं बोट उचललं. "लाइन चालू आहे," त्या कुणालाही न उद्देशून म्हणाल्या.

कर्ण्यातून मॅनेजर हसल्याचा आवाज आला. मग सोंग टाकून देऊन ते म्हणाले, "सगळी तयारी चोख हवी, एवढाच अर्थ. पाठ करून ठेवा. पुस्तकाबाहेरचं बोलणारे रोज भेटतील, पण लाइन मरता कामा नये, काय? एक तारखेपासून कायम. आता त्या बाईंना पाठवा."

बाकड्यावर वहिनीने एवढा मोठा श्वास सोडला की मला वाटलं, महिनाभर कोंडून ठेवलेलाच आता बाहेर आला. मग म्हणाली, "ताई, माझी कात्री कुठे आहे?" जशी काही ती बरोबरच आणली होती. मी रडत होते. रडायला मला कधीच प्रॉम्प्टर लागला नाही.

लिफ्टबाईही पास झाली. बाहेर आल्यावर कुजबुज्यांना म्हणाली, "तुम्ही बोलला नसतात तरी मला येत होतं हं."

"हो," कुजबुजे म्हणाले. आमच्या कंपनीतला प्रत्येक नट त्यांना हेच सांगायचा, आणि प्रत्येकाला ते असंच "हो" म्हणायचे. आता ती दोघं बोर्डावर शेजारी शेजारी बसतात. मोठ्या बाई सांगतात की एकाला अडलं तर दुसरा हळूच दोन शब्द देतो, आणि पाहुण्याला पत्ता लागत नाही.

एक तारखेला आम्ही सामान हलवलं. निळं कापड आदल्या दिवशीच कापून शिवून झालं होतं. वहिनीने स्टुलावर चढून पडदे चढवले, त्यांना रंगमंचासारखी दोरीसुद्धा लावली. मी पेटीवर बैठक मारली, प्रेक्षक म्हणून. दोरी हातात धरून ती नवऱ्याकडे बघत थांबली.

कुजबुज्यांनी एकदा खोलीभर नजर फिरवली, सगळं जागच्या जागी आहे ना पाहिलं.

"घे," ते म्हणाले.